बसमधल्या दहा मिनिटांत सीए फायनल होतं का?

वाळपईच्या एका मुलीनं विचारलंय. आर्टिकलशिप (सीए होण्याआधी ऑफिसात करावं लागणारं ट्रेनिंग) पणजीत, सकाळी सातच्या आत घर सोडते, परत यायला रात्रीचे आठ, त्यातले जाऊन-येऊन अडीच-तीन तास नुसते बसमध्ये. फोनवर आता सीए फायनलचे सात-दहा मिनिटांचे छोटे छोटे लेसन मिळतात, तेवढ्यावर अभ्यास होईल का की हा सगळा टाइमपास आहे. मैत्रीण म्हणते मांडी ठोकून बसल्याशिवाय सीए होत नाही आणि ॲपवाले म्हणतात रोज फक्त वीस मिनिटं द्या.

बाय, दोघंही अर्धं अर्धं सांगतायत. आधी माझं ऐक, कारण ही चूक मी स्वतः करून बसलेला माणूस आहे.

मी चोडणचा. आर्टिकलशिप पणजीत, रोज फेरीबोटीनं रायबंदर आणि तिथनं बस. तेव्हा मोबाईल होते पण इनकमिंगलापण पैसे पडायचे, त्यावर अभ्यास वगैरे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ऑफिसात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा रद्दी कागद ढिगानं पडायचा, त्याचे चार तुकडे करायचे, कोऱ्या बाजूला एकेक मुद्दा लिहायचा आणि गठ्ठा शर्टाच्या खिशात. फेरीसाठी रांगेत उभं असताना दोन चिठ्ठ्या, पलीकडे जाईपर्यंत दोन, बसमध्ये जागा मिळाली तर आणखी चार. ऑडिट आणि टॅक्स मला असे पाठ झाले की ऑफिसातले सिनियर सेक्शन नंबर मला विचारायचे, आणि मी छाती फुगवून फिरत होतो. मग रिझल्ट आला. फायनलचे पेपर दोन ग्रुपात असतात, त्यातल्या दुसऱ्या ग्रुपचे तीन पेपर पास, कॉस्टिंगला ३८. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात हे तुला माहितीच आहे, दोन मार्कांनी सगळा ग्रुप गेला. फॉर्म्युले सगळे येत होते, खिशातच होते ना, पण तीन तास बसून अख्खी गणितं सोडवायची सवय नव्हती, शेवटचे दोन प्रश्न हातच न लावता राहिले. चिठ्ठ्यांनी मला लक्षात ठेवायला शिकवलं, बसायला शिकवलं नाही.

तर माझं मत असं की छोटे लेसन चालतात, चांगलेच चालतात, पण फक्त एकदा समजलेलं हातातनं निसटू नये म्हणून. पहिल्यांदा समजून घेणं आणि शेवटी कागदावर उतरवणं ही दोन्ही टोकं त्यांनी होत नाहीत.

आता छोटा म्हणजे केवढा, इथंच बहुतेकांची गल्लत होते. ॲपवाले मिनिटांवर कापतात, एका तासाचं लेक्चर घ्यायचं, सहा तुकडे करायचे, झाले दहा मिनिटांचे सहा लेसन. तुकडा प्रश्नावर कापायचा असतो. एका बैठकीत एका प्रश्नाचं उत्तर पूर्ण देता आलं पाहिजे, मग ते चार मिनिटांत होवो की चौदा.

जीएसटीतलं बघ. कलम १७(५), ब्लॉक्ड क्रेडिट, म्हणजे कुठल्या खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या टॅक्समधनं वजा करता येत नाही ते. अख्खं कलम एका दमात वाचलंस तर संध्याकाळपर्यंत कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली असं होतं. मी मुलांना त्यातला फक्त गाड्या आणि बोटींचा तुकडा वेगळा काढून देतो. नियम दोन ओळींचा: माणसं नेणारी मोटारगाडी, ड्रायव्हर धरून १३ जणांपर्यंतची असेल तर क्रेडिट नाही, फक्त पुढे गाडीच विकायचा धंदा असेल, टॅक्सेबल पॅसेंजर वाहतूक असेल किंवा ड्रायव्हिंग शिकवायचं असेल तर मिळतं. बोटींनाही जवळजवळ तसंच, तिथे आसनांची मर्यादा नाही, आणि माल वाहायचा असेल तरी मिळतं. मग लगेच प्रश्न, आणि सगळे आपल्या आजूबाजूचे. कळंगुटच्या हॉटेल मालकानं स्वतःला फिरायला सात सीटची गाडी घेतली? नाही. त्याच हॉटेलनं स्टाफला आणायला १७ सीटची बस घेतली? १३ च्या वर आहे, या कलमात अडकत नाही, मिळेल. टुरिस्ट टॅक्सीवाल्याची पाच सीटची गाडी? मिळेल, पण त्यानं कमी दराचा पर्याय घेतला असेल तर क्रेडिटचा हिशोब वेगळा, तो धडा दुसऱ्या दिवशी. मांडवीवर पर्यटकांना तिकीट लावून फिरवणारी बोट? मिळेल. खनिज वाहणारी बार्ज? मिळेल. आणि तीच बोट कंपनीच्या डायरेक्टरसाहेबांनी रविवारी मासे गरवायला घेतली असेल तर? नाही. आता हसू आलं ना, हे उत्तर तू परीक्षेत विसरणार नाहीस.

पाच-सहा प्रश्न, सात मिनिटं, म्हापशाचा एक सिग्नल. हा झाला एक लेसन. यातला नियम वाचायला एक मिनिट लागलं, बाकी सहा मिनिटं तू उत्तर देत होतीस, आणि लेसनचा प्रकार बघताना हेच प्रमाण बघायचं. नऊ मिनिटं सर बोलतायत आणि शेवटी एक एमसीक्यू, तोही असा की उत्तर आत्ताच स्क्रीनवर होतं, तर तो लेसन नाही, ती करमणूक आहे. दीडपट स्पीडनं बघितलीस तर लवकर संपणारी करमणूक, एवढंच.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. रोडिगर आणि कार्पिके या दोघांचा २००६ चा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, काही महिन्यांनी आहे. वाचताना जे गोड वाटतं, "अरे हे तर येतंय मला", ते पाच मिनिटांवालं असतं. आठवताना जो त्रास होतो, बसच्या खिडकीबाहेर बघत "छे, काय होतं ते तिसरं", तो त्रासच कामाचा.

तुझ्याकडे अजून एक गोष्ट आहे जी ॲपकडे नाही, ती म्हणजे ऑफिस. आर्टिकल मुलं ऑफिस आणि अभ्यास वेगवेगळ्या खणात ठेवतात, मला ते कधीच कळलं नाही. एसए ५०५ घे, बाहेरच्यांकडून कन्फर्मेशन मागवायचं ऑडिटचं स्टँडर्ड. बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं तूच टाइप करत असशील. आमच्याकडे एक काजूवाला क्लायंट होता, आम्ही डेटर्सना, म्हणजे त्याचं देणं लागणाऱ्यांना, पत्रं पाठवायची म्हटलं तर दुसऱ्या दिवशी स्वतःच सगळी सह्या-शिक्क्यांसकट घेऊन आला, पिशवीत घालून, वर अर्धा किलो काजू. "सर तुमचा त्रास वाचवला." आर्टिकलनं खूश होऊन फाईल केली. मी तिला विचारलं, स्टँडर्ड काय म्हणतं? उत्तर थेट ऑडिटरकडे आलं पाहिजे, मधल्या हातानं नाही, पत्र पाठवणं आणि परत घेणं दोन्ही आपल्या ताब्यात पाहिजे. पत्रं परत नव्यानं गेली. काजू मात्र ऑफिसातल्या सगळ्यांनी खाल्ले, ते चूक की बरोबर हा एथिक्सचा प्रश्न, तोही सिलॅबसमध्ये आहे.

त्या दिवशी तिनं घरी जाताना एक चिठ्ठी केली असती तर किती झालं असतं: उत्तर कोणाकडे यायला हवं, उत्तर आलंच नाही तर काय (दुसऱ्या मार्गानं तपासायचं, नंतर आलेले पैसे बघायचे वगैरे), मॅनेजमेंट म्हणाली पत्र पाठवूच नका तर काय (कारण विचारायचं, ते पटण्यासारखं आहे का बघायचं, नसेल तर वरच्यांना कळवायचं आणि रिपोर्टवर काय परिणाम होतो ते ठरवायचं). तीन प्रश्न, स्टँडर्ड संपत आलं. तर नियम असा ठेव की रोज ऑफिसातलं एक काम उचलायचं आणि संध्याकाळच्या बसमध्ये त्याचा एक प्रश्न करायचा. तुझा स्वतःचा, तुझ्या हातानं, मराठी-इंग्लिश जसं सुचेल तसं. विकत मिळालेल्या शंभर कार्डांपेक्षा अशी तीस कार्डं भारी पडतात, कारण ती करतानाच निम्मं काम झालेलं असतं.

आता उजळणी. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळ जवळ, मग लांब लांब. मी साधारण दुसरा दिवस, चौथा दिवस, दहावा दिवस, मग महिन्यानं असं धरतो, आकड्यांना फार चिकटून बसू नकोस. ॲपमध्ये हे आपोआप होतं, कागदावर करायचं तर डबे लाव. माझ्याकडे दोदोलचे तीन रिकामे डबे होते, पहिल्यातलं रोज, दुसऱ्यातलं आठवड्यातनं दोनदा, तिसऱ्यातलं रविवारी. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की सरळ पहिल्यात, कितीही पुढे गेलेली असली तरी. दया करायची नाही. लाइटनर नावाच्या माणसाच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते हे मला फार नंतर कळलं. माझ्या आईला वाटायचं पोरगा डब्यांशी पत्ते खेळतो.

आता जिथं हे चालत नाही तिथलं सांगतो, कारण मी तिथंच आपटलो.

एफआर म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंग, त्यातलं कन्सॉलिडेशन घे, मूळ कंपनी (पेरेंट) आणि तिच्या ताब्यातली कंपनी (सबसिडिअरी) यांचे हिशोब एकत्र करायचे. त्यातले काही तुकडे छोटे होतात, आणि करावेतही. सबसिडिअरीनं पेरेंटला १,२०,००० चा माल विकला, कॉस्टवर २० टक्के नफा, वर्षअखेर निम्मा माल पेरेंटकडे पडून, न मिळालेला नफा किती? दहापैकी चार मुलं ६०,००० चे २० टक्के काढून १२,००० सांगतात. नफा कॉस्टवर आहे, म्हणजे विक्रीच्या १२० मधले २०, उत्तर १०,०००. आणि विकणारी सबसिडिअरी आहे, त्यात बाहेरच्यांचा वाटा ३० टक्के, तर त्यातले ३,००० त्यांच्या खात्यातनं जातील, ७,००० पेरेंटच्या. हा तुकडा बसमध्ये पाच वेळा केलास की चूक कायमची गेली. पण परीक्षेत हा तुकडा एकटा येत नाही. १४-१५ मार्कांच्या प्रश्नात हा असतो, गुडविल असतं, खरेदीच्या तारखेची नेट ॲसेट्स असतात, मधेच वर्षाच्या मध्यावर घेतलेले शेअर असतात, आणि यातलं आधी काय करायचं हे कुठलंच कार्ड सांगत नाही. ते कळायला एक मोठा कोरा कागद, पेन, पाऊण तास आणि बंद दरवाजा लागतो. अर्ध्यात अडकायचं, खोडायचं, बॅलन्स शीट जुळत नाही म्हणून कपाळ धरायचं, तेव्हा ते डोक्यात बसतं. हे फोनवर बोटानं सरकवून होत नाही ग.

तसंच लिहिण्याचं. फायनलच्या पेपरात साधारण ३० मार्क एमसीक्यूचे आणि ७० लिहायचे. छोट्या लेसनचा सराव ३० ला थेट उपयोगी, ७० ला निम्मा. ऑडिटच्या उत्तरात मुद्दा माहीत असणं वेगळं आणि केसमधल्या घटनेला तो लावून, नियम सांगून, निष्कर्ष लिहून, सात-आठ मिनिटांत पुढच्या प्रश्नाला जाणं वेगळं. हाताला सवय लागते. तीन तास सलग लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या तासाला मनगट बोलायला लागतं आणि अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. सहावा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, तो तर ओपन बुक आणि चार तासांचा, मुलं ओपन बुक ऐकून निर्धास्त होतात, आणि तिथं नेमकी चार तास लक्ष टिकवायचीच परीक्षा असते. रोज सात मिनिटांच्या वर एका गोष्टीवर न थांबलेल्या डोक्याला चार तास म्हणजे शिक्षा.

म्हणून आठवड्यातनं एक दिवस मोठा ठेव. घरी जमत नसेल, म्हणजे शेजारी लग्न आहे, चवथीचं डेकोरेशन चाललंय, माटोळी बांधायला हाक मारतात, ते होणारच, तर पाटोला बसस्टँडजवळच कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, वेळ बघून जा. आयसीएआयचे, म्हणजे सीएच्या संस्थेचे, आरटीपी (उजळणीचे पेपर) आणि मॉक टेस्ट पेपर फुकट मिळतात, त्यातलाच एक घ्यायचा, घड्याळ लावायचं, फोन बॅगेत खाली. पहिले दोन रविवार वाईट जातील. माझ्या एका आर्टिकलनं पहिल्या मॉकमध्ये तीन तासांत ४१ मार्कांचंच लिहिलं होतं, बाहेर येऊन रडली, मग म्हणाली सर भूक लागलीय.

एक धोका अजून, तो फार जण विसरतात. छोटे लेसन शिळे होतात आणि शिळे झालेत हे दिसत नाही. पुस्तकावर आवृत्ती लिहिलेली असते, लेसनवर नुसतं चकाचक चित्र. कॅपिटल गेनचे दर २३ जुलै २०२४ पासून बदलले, लिस्टेड शेअरवरचा लाँग टर्म १० चा १२.५ टक्के झाला, शॉर्ट टर्म १५ चा २०, सूट १ लाखाची सव्वा लाख झाली, आणि त्यानंतर कितीतरी महिने मुलं मला जुने आकडे धाडधाड सांगत होती, पाठ एकदम पक्कं, फक्त चुकीचं. आता तर १९६१ चा इन्कम टॅक्स कायदाच गेला, २०२५ चा नवीन कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, सेक्शन नंबर सगळे हलले. तुझ्या अटेम्प्टला कुठला कायदा आणि कुठल्या तारखेपर्यंतचे बदल लागू आहेत ते आयसीएआयच्या सूचनेतनंच घ्यायचं, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारीख टाकायची. टॅक्सची जुनी चिठ्ठी दिसली की फाडायची, माया नको.

बँकेतल्या लोकांसाठीही दोन शब्द, कारण जेएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा देणारे माझे दोन-तीन नातेवाईक हाच प्रश्न विचारतात. तिथं गोष्ट सोपी आहे, चार पेपर, प्रत्येकात १०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, दोन तास, लिहायचं काही नाही. तिथं छोट्या लेसनवर भार टाकला तरी चालतो, काउंटर बंद झाल्यावर चहाबरोबर एक, घरी जाताना एक, फक्त अकाउंट्सच्या पेपराची गणितं कागदावर कर. एनआयएसएमच्या म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरच्या परीक्षेलाही तसंच. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) लेव्हल वन थोडं फसवं आहे, १८० प्रश्न, दोन सत्रं सव्वादोन सव्वादोन तासांची, एका प्रश्नाला दीड मिनिट, ऐकायला वाटतं हे तर छोट्या लेसनसाठीच बनलंय. पण अभ्यास साधारण ३०० तासांचा धरतात तो उगाच नाही. तिथं सात मिनिटांच्या तुकड्यात खरं काय करावं तर फायनान्शियल कॅल्क्युलेटर. फोनवरचा नाही, परीक्षेत चालतो तो हातात घेऊन. बीजीएन मोड (हप्ता शेवटी नाही, सुरुवातीला पडतो असं धरणारा) चुकून चालू राहिला की ॲन्युइटीची सगळी उत्तरं थोडी थोडी चुकतात आणि चुकीची उत्तरं पर्यायांत नेमकी हजर असतात.

तर तुझा दिवस मला असा दिसतो. सकाळी बसमध्ये काल-परवाच्या चिठ्ठ्या, नवीन काहीच नाही, डोकं ताजं असलं तरी बस हलते आणि कंडक्टर सुट्टे मागतो, त्यात नवीन विषय घुसत नाही. संध्याकाळी बसमध्ये ऑफिसातल्या कामाचा एक प्रश्न तयार करायचा आणि झोप आली तर झोपायचं, खरंच झोप, तीसुद्धा अभ्यासाला लागते. रात्री जेवून पाऊण तास-तास टेबलावर, एकच टॉपिक, तिथं नवीन समजून घ्यायचं, स्टडी मटेरियलमधनं किंवा क्लासच्या लेक्चरमधनं, तुकड्यांमधनं नाही. रविवारी मोठं लिखाण. नवीन स्कीममध्ये आर्टिकलशिप दोन वर्षांची, ती संपल्यावर फायनलपर्यंत सहा महिने मिळतात, त्या सहा महिन्यांत दिवसाला दहा तास बसायची ताकद आत्ताच्या रविवारांतनं येते, बसमधल्या चिठ्ठ्यांतनं येत नाही. चिठ्ठ्यांनी एवढंच होतं की त्या सहा महिन्यांत ऑडिट आणि जीएसटी पहिल्यापासून उघडावं लागत नाही, आणि तो वेळ एफआर आणि एएफएमला (फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर) मिळतो. माझा दुसरा अटेम्प्ट असाच निघाला, चिठ्ठ्या त्याच, डबे तेच, फक्त रविवारी फेरी चुकवून घरातच दार लावून बसायचो. कॉस्टिंगला ६१ आले.